वेस्ट इंडिया प्रत

खुर्च्या एकशेवीस मांडतो, माणसं येतात साठ.
मृत्युपत्रात एकशेवीस लिहिलंय,
म्हणून एकशेवीस.

युफेमिया क्राउडिस, जहाजमालकाची विधवा.
हॅलिफॅक्सच्या बंदरात तिची तीन गोदामं होती.
मरताना धर्मशास्त्राच्या शाळेला पैसा ठेवला:
ईस्टरआधीच्या उपवासात, दुसऱ्या गुरुवारी,
दर वर्षी एक व्याख्यान.
विषय, माणसाचं माणसाला देणं
आणि त्यावर देवाची साक्ष.
पुढे कमिटीनं त्याचं 'धर्म आणि मानवी हक्क' केलं.
पत्रिकेवर एका ओळीत मावतं.

सव्वीस वर्षं मी इथं माईक लावतो, पाणी ठेवतो.
टोरांटोचे आले, एडिंबराचे आले,
एकदा एक बिशप, स्वतःच्या विनोदाला
सगळ्यांच्या आधी हसणारा.
'हक्क' हा शब्द इतका ऐकलाय
की थंडीत रेडिएटर ठोके देतो
तेव्हा तोही तेच म्हणतोय असं वाटतं.

यंदा बार्बाडोसहून बाई आल्या, डॉक्टर व्हर्लीन ॲलेन.
कोट उसना. बाह्या बोटांच्या पुढे.
आदल्या दिवशी तळघरातल्या दफ्तरात बसून होत्या,
दिवा मीच लावून दिला.
तासाभरानं हाक आली.

चामड्याच्या पुठ्ठ्याची वही, क्राउडिस आणि मंडळी.
खारवलेल्या कॉडच्या प्रती.
पांढरा, जाड, अखंड: तो स्पेनला.
त्याहून थोडा उणा: तो पोर्तुगालला.
आणि तुटका, उन्हानं करपलेला,
कुत्रं हुंगून पुढे जाईल असा,
त्याच्यासमोर वळणदार अक्षरात
*वेस्ट इंडिया.*
मला वाटलं, गावाचं नाव.
"नाही," बाई म्हणाल्या, "प्रतीचं."
उसाच्या मळ्यावर गुलामांना घालायची प्रत.
मग माझ्याकडे बघून: "आडनाव काय तुमचं?"
"टाइन्स."
"म्हणजे तुमच्यापैकीही कुणी खाल्लं असेल हे."
"इथं की तिथं," मी म्हटलं, "ते कुणी लिहून ठेवलं नाही."

व्याख्यानात त्यांनी आवाज चढवला नाही.
पिंपं वाचली. तारखा वाचल्या.
त्याच पानावर, त्याच आठवड्यात,
चर्चमधल्या पुढच्या बाकाचं भाडं भरलेलं,
तेही वाचलं.
मध्ये मी दोनदा पाणी भरून आणलं.

पहिल्या रांगेतून म्हातारे क्राउडिस उठले,
विश्वस्त, कानात यंत्र.
"मग आम्ही हे बंद करावं, असं म्हणणं आहे का तुमचं?"
रेडिएटरसुद्धा थांबला.

"आमच्याकडे हा मासा अजून खातात," बाई म्हणाल्या,
"हौसेनं. रविवारी. मीही खाते.
आत्या रात्रभर भिजत घालायची,
पाणी तीनदा बदलायची.
मी विचारलं, एकदाच बदललं तर?
म्हणाली, मग मासा नाही, मीठच खाशील.
तुमचं हे कितवं पाणी?"

"काय म्हणालात?" क्राउडिसांनी यंत्र चाचपलं.
बाईंनी पुन्हा विचारलं, तसंच, सावकाश.
ते उभे राहिले बराच वेळ.
मग बसले.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
माझा पगार, पोरीची फी, बुटांचे नवे तळ,
सगळं या विधवेच्या पैशातून.
जागायचं ते कुणाच्या मिठाला?
विकणाऱ्याच्या,
की ज्यांना दुसरं काही मिळालंच नाही त्यांच्या?
हे मी कुणाला विचारलं नाही.
प्रश्नांची वेळ संपली होती.

हॉल रिकामा झाल्यावर खुर्च्या मिटायला घेतल्या.
साठांवर कुणी टेकलंही नव्हतं,
पण मिटाव्या त्याही लागतात.
त्या आज जड लागल्या, असं काही म्हणणार नाही.
वजन नेहमीचंच.
मीच जरा सावकाश होतो.