टिंब

लक्ष्मीपुरीतनं पेंटर आला, दिलावर मुजावर,
सायकलला शिडी बांधून, हँडलला निळ्या रंगाचा डबा.
बाप्तिस्म्याच्या कुंडामागची भिंत
आधी तळहातानं चाचपली, ओल आहे का म्हणून.

मी कागद दिला. चाळीस वर्षं
मराठीच्या वह्या तपासल्या, अक्षर अजून बरं आहे:
पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावात.

खडूच्या दोरीनं रेघा मारून तो थांबला.
"बाई, तिघं हाईत न्हवं?
मग 'नावांत' पायजे. टिंब ऱ्हायलंय तुमचं."

माझं! टिंब!

म्हटलं, चिखलीचा संगम बघितलाय ना?
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,
आणि पुढं एकच पंचगंगा.
"व्हय. पर घाटावर उभं ऱ्हाऊन
तुळशी कंची, कासारी कंची, कोन सांगंल?"
खरंच की.
तिथं तर कुणी कुणात विरघळत नाही.

म्हटलं, चपलेची वेणी घ्या. तीन वाद्या, एक वीण.
त्यानं शिडीवरूनच पाय पुढं केला,
एक वादी सुटून लोंबत होती.
"ह्यो बगा, तिसरा हिस्सा."
आणि तिथं हिस्से नाहीत.
पिता अख्खा, पुत्र अख्खा, आत्मा अख्खा,
आणि बेरीज करायला गेलं तर एकच.

मग मी गप्प बसले. वर्गात अशी कधी बसले नव्हते.
बाहेर पाळकसाहेब फोनवर मांडववाल्याशी भांडत होते.
चहा आला.

"तुमच्यात तर एकच," मी म्हटलं.
"एकच," कप खाली देत तो म्हणाला.
"आमच्यातबी," मी म्हटलं.
तो हसला नाही, वादही घातला नाही.
"मग न्हाई देत टिंब. कागद तुमचा, जबाबदारी तुमची."

'वा'चा काना ओढताना ब्रश ठिबकला.
नेमका वर, नेमका तिथंच.
रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं पुसलं, मान तिरपी करून पाहिलं.
"गेलं."

गेलं नव्हतं.
रविवारी शलोमीच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला.
तीनदा पाणी घातलं, ती तीनदा दचकली,
रडली मात्र एकदाच.
सगळ्यांच्या माना खाली. माझी वर:
अक्षराच्या डोक्यावर फिकट निळा डाग,
असल्यासारखा, नसल्यासारखा.

पर्समध्ये लाल पेन असतं. सवयीनं.
काढलं नाही.