पांढरीतली रात्र

गड्ड्याच्या यात्रेनं सोलापुरातली खोली न् खोली भरलेली,
म्हणून मालकांनी आम्हाला इकडं धाडलं,
बार्शी रस्ता सोडून आत, ज्वारीच्या पोटात,
दुरुस्त केलेल्या गढीवर.
पाहुण्यांसाठी सहा खोल्या. गरम पाणी सकाळी सात ते आठ.

मी आणि लाय.
तो फूच्यानहून टॉवेलचे नवे माग बसवायला आलेला,
मी येमुल, शिफ्ट सुपरवायझर, आणि पंधरा दिवस त्याची जीभ.
म्हणजे फोनमध्ये बोलायचं, फोन सांगेल ते खरं मानायचं.
परवा ‘ताणा तुटला’ म्हणालो
तर फोननं त्याला कळवलं, माझी काळजी मिटली.
त्यानं उठून हात मिळवला.

दिंडीदरवाजातून वाकून आत आलो
आणि लाय थांबलाच.
भिंतीला तळवा लावला, मग पेरानं ठोकलं,
कलिंगड घेताना ठोकतात तसं.
नखानं भुशाची एक काडी उकरली
अन् दातात धरली.
"गवंडी हाय का ह्यो?" राखणदार मलकारीनं विचारलं.
मी म्हणालो, मेकॅनिक.
"मग मातीशी काय करतोय?"

रात्री मलकारीनं आगटी पेटवली.
हुरडा चोळायचा कसा ते लायला एकदाच दाखवलं,
दुसऱ्या कणसाला तो मलकारीच्या पुढं.
शेंगाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी, तरी हात पुढं.

मलकारी सांगत होता :
गढी ढासळली तेव्हा गाव काही रडलं नाही.
पांढरी माती पाणी आत घेत नाही,
टोपल्या भरभरून नेली, आपापल्या माळवदावर पसरली.
चाळीस वर्षं गाव गढीच्या खाली झोपलं.
पुढं पत्रे आले, स्लॅब आले,
आणि दुरुस्तीवाल्या बाई माती शोधत आल्या
तेव्हा घराघरातनं टोपली परत आली.
"सगळ्यांनी दिली?"
"न्हाई. वरच्या आळीनं इकली."

लायनं फोटो काढून दाखवला.
मातीचं घर, पण गोल. चार मजले,
मधोमध विहीर, कोंबड्या, दोऱ्यांवर धुणं.
मलकारी म्हणाला, "ह्यो तर रांजण हाय!"
तिसऱ्या मजल्याच्या एका खिडकीवर लायनं बोट ठेवलं,
मग स्वतःच्या छातीवर.
मग हवेत किल्ली फिरवली, अंगठ्यानं नोटा मोजल्या.
तिथंही आता पाहुणे झोपतात तर. त्याच्या खोलीत.

तीन हात जाड भिंतीत रेंज कुठली.
हौदाच्या कोपऱ्यावर, एका पायावर उभं राहिलं की एक कांडी येते.
तिथून फोन बोलला :
आमच्या लोकांचं नावच पाहुणे.
येऊन हजार वर्षं झाली. अजून पाहुणेच.

मला वाटलं, परत ताण्यासारखं झालं.
तीनदा विचारलं. तीनदा पाहुणेच.

माझा पणजा करीमनगरकडनं चालत आला,
फणी पाठीला बांधून.
माझी दहावी इथली, बायको इथली, गिरणीतली खोकलाही इथलाच,
तरी कुणी नवा भेटला की दुसऱ्या वाक्याला विचारतो,
तुम्ही मूळचे कुठले?
घरात आम्ही पाहुण्याला चुट्टम म्हणतो, सोयऱ्यालाही तेच.
आणि चुट्टू म्हणजे भोवती, गोल.
ह्या दोन शब्दांचं काही नातं आहे की नाही, मला ठाऊक नाही.
लायला सांगायला एक पाय उचलला,
कांडी गेली.

झोप आली नाही.
मागाच्या खडखडाटाशिवाय मला सवयच नाही.
भिंतीला कान लावला. दिवसाचं ऊन अजून आत होतं.
पलीकडं लाय घोरत होता,
आपल्या घरी घोरावं तसा, बिनदिक्कत.

गरम पाणी पावणेआठला आलं.
निघताना मलकारीनं वही पुढं केली : नाव, कुठून, कुठं, कायमचा पत्ता.
शेवटच्या रकान्यात लायनं पेन थोडं थांबवलं,
आणि एक गोल काढला. हळू, टोकाला टोक जुळवून.
त्याच्या खाली माझी ओळ.
मी वरीलप्रमाणेच्या
दोन टिकल्या मारल्या.