वाकडं ठिगळ

वडशाला कंपनीत लागले तेव्हा
पेटीत तीन मखमली राजे होते,
काखेत घामानं कडक झालेले.
मॅनेजर म्हणाले, जरी लाव,
शेवटच्या सतरंजीपर्यंत चमकलं पाहिजे.
दोन हंगाम लावली.

मग विधवेच्या पात्रासाठी
गिरजाबाईचं रोवणीचं लुगडं मागून आणलं.
गुडघ्यापाशी चिखलाचा दुसरा काठ,
खांद्यावर मोळीनं विरलेलं.
मी एकच ठिगळ घातलं, वाकडं,
कंदिलात घातल्यासारखं.
त्याला तीन रात्री लागल्या.

पहाटे पडदा पडल्यावर
एक बाई तट्ट्यामागे आली,
पदर चिमटीत धरून म्हणाली,
“सगळ्यायले कपडे शिवले,
इलेच काहून नाई वो?”

काही बोलले नाही.
बिऱ्हाडी येऊन राजाची जरी उसवायला घेतली.
टाके माझेच होते.
लवकर सुटेनात.