कोरडं वजन

तहसीन नदाफनं अडवलेला एकही चेंडू
मी पाहिलेला नाही.
तीन वर्षं मी तिच्या पुढं उभी, फुलबॅक,
तोंड समोर, पाठ तिच्याकडं.
मला ऐकू यायचं तेवढंच:
किकरवर बसला तर ठक्,
पॅडवर बसला तर धप्प,
आणि लगेच हेल्मेटच्या जाळीतून घोगरा आवाज,
"ऐनापुरे, डावी! डावी घे की गं!"

मिरजेत आमच्या कॉलेजचं मैदान मुरमाचं.
सकाळी सहाला आम्हीच पाणी मारायचो, बादल्यांनी.
आठला पुन्हा धूळ.
पॅड रेल्वेच्या टीममधल्या कुणाचे तरी जुने,
आतल्या फोमचा भुगा झालेला.
तिच्या अब्बांनी ते गादीसारखे उसवले,
नवा कापूस पिंजून ठासला,
दाभणानं चौकोनी टाके घातले.
"टाका माझा आहे, सुटायचा नाही," म्हणाले
आणि कुणाची तरी रजई पुढ्यात ओढली.

पहिल्या वर्षी पाच मॅच, दोन गोल.
दुसऱ्या वर्षी साताऱ्याच्या मुलींना
एकामागं एक चार पेनल्टी कॉर्नर मिळाले.
चारी धप्प.
आरवाडे सर लाइनीबाहेर बसले होते
चुन्याची डबी हातात, मळायचं विसरून.
दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं:
'तहसील नदाफची अभेद्य कामगिरी'.
आम्ही हसून हसून लोळलो.
तिनं कात्रण वहीत चिकटवलं.
"तहसील तर तहसील. नदाफ तर बरोबर हाय."

मग भोपाळ.
आयुष्यात पहिल्यांदा निळी टर्फ.
मॅचआधी तिथं फवारे फिरतात,
पाणी नुसतं उभं राहतं गवतात, जे गवत नाही.
तहसीननं वाकून तळवा टेकला.
"बर्फागत हाय की गं. चेंडू थांबायचा कसा हितं?"

पहिल्या क्वार्टरला धप्प.
दुसऱ्यालाही धप्प, पण ओला.
तिसऱ्यात आवाज बदलला,
भिजलेली चादर दगडावर आपटावी तसा.
कापूस पाणी पीत होता.
मला कळलं होतं.
सांगायला वेळ नव्हता, असं मी सांगते.
वेळ होता.

शेवटची चार मिनिटं राहिली
आणि ती ओरडली नाही.
तिचा एकच नियम: मागं बघू नको, मागं मी हाय.
पण त्या गप्प होण्याला मी वळले.
हेल्मेट, जाळी, घाम, आणि ती वाकलेली,
उजवा पाय दोन्ही हातांनी उचलत होती,
चिखलात रुतलेलं सायकलचं चाक उचलावं तसा.
तेवढ्यात माझ्या डाव्या अंगानं
त्यांची फॉरवर्ड आत शिरली.
फळी वाजली.
तो एकच, जो मी पाहिला.

परतीच्या गाडीत खिडकीच्या गजांना बांधलेले पॅड
इटारसीपर्यंत ठिबकत होते.
सर म्हणाले, निवड समितीतल्या कुणी तरी
तिचा नंबर घेतलाय.
घेतला असेल.

आता ती सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या वजनकाट्यावर पावत्या फाडते.
नखं पिवळी. आवाज तोच, हमालांना पुरून उरतो.
फेब्रुवारीत गेले होते, सौदे जोरात होते.
तिनं चहा सांगितला.
भोपाळचं मीच काढणार होते,
सात वर्षं झाली, माझी डावी मोकळी होती
एवढं एक वाक्य तोंडात धरून फिरते आहे.
पण तीच म्हणाली, कप खाली ठेवत,
"काट्यावर पॅड घालून बघितले गं एकदा.
एकेक अडीच किलो भरला.
कोरडा."

मग टेम्पो लागला, पोती चढायला लागली.
"पुढचं!" ती ओरडली
आणि काट्याकडं वळली, पाठ माझ्याकडं.
मी जरा वेळ तिच्या मागं उभी राहिले,
कप हातात,
काय ओरडायचं असतं ते आठवत.