शेपटीचा जायरो

सोमवार. उद्यमनगर बंद.
पाचगावच्या माळावर रियाज मुजावर
मांडी घालून बसला, हेलिकॉप्टर मांडीवर आडवं.
"आधी सर्व्होचा हात काटकोनात. बाकीचं मग."
एका दातानं चुकत होता.
काढला, फिरवला, परत बसवला.
लेथवर दोन थाऊसाठी जॉब फेकणारी बोटं ती.

मग त्यानं नाक डावीकडं ढकललं.
शेपटीची पाती लगेच कलली,
पण सावरायचं सोडून
नाकाला आणखी डावीकडं लोटायला.
"हे असंच उडवणार होतास?
भोवऱ्यागत फिरून नडगी फोडली असती लेका."
एवढंसं बटण.
नखानं उलटं केलं.

गेन सत्तर.
छातीएवढं वर गेलं आणि
शेपटी थरथरायला लागली, ओल्या कुत्र्यागत.
उतरवलं. साठ.
अजून जरा.
बावन्नला गप्प झाली.
"जास्त काळजी घेतली की असंच होतं," म्हणत
त्यानं घरचा तिसरा फोन
डाव्या कानाला लावला. "आलो गं."

उसाच्या फडावरनं आडवा वारा आला.
हेलिकॉप्टर हललं, कललं,
नाक मात्र टेंबलाईकडंच.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.
बॅटरी संपेपर्यंत बघत राहिलो.

गाडी लांब लावलेली.
फाउंड्रीत उजवा कान गेल्यापासून
रियाज चालता चालता डावीकडं सरकतो,
त्याला कळत नाही.
खोकं उजव्या हातात घेऊन
मी त्याच्या डावीकडनं चालतो.