नखयेळ

काल मूर्ती वाचली, माती गेली.
फाइल मी नीट सेव्ह केली होती:
भुलाबाई, मांडीवर गणू, शेजारी भुलोजी,
नथीच्या भोकापर्यंत सगळं जागच्या जागी.
मटेरियल मात्र वेगळं साठवावं लागतं,
त्याची फाइल निराळी, खण निराळा,
हे कोणी सांगितलंच नव्हतं.
आज उघडलं तर तिघंही
कंपनीच्या लाल मेणात बसलेले.

बाबा मागून म्हणाले,
"हे काहून कच्च्या मटनावानी दिसते वं?"

चार दिवस लागले होते ती माती जमवायला.
लकाकी शून्याच्या जराशी वर,
सावलीत किंचित हिरवं,
आणि कडांना तो फिका पट्टा
जो दुपारी चारच्या सुमारास येतो,
पाणी उतरतं, बोट उमटत नाही,
नख उमटतं.
बाबा तिला नखयेळ म्हणतात.
शब्दकोशात नाही. मी पाहिलं.

भंडाऱ्याचा प्रिंटवाला म्हणतो, एसटीएल पाठवा.
त्यात नुसते त्रिकोण जातात,
सात लाख, एकालाही रंग नाही.
ओबीजे पाठवली तर रंगाची चिठ्ठी सोबत द्यायची,
ती मागे राहिली की मूर्ती पोचते पांढरीफटक,
आहेर घरी विसरून लग्नाला आल्यासारखी.

बाबांना याचं नवल वाटलं नाही.
"साच्यात कोनी माती ठेवते का?
साचा आजाचा हाये अजून.
माती दरसाल आनाले लागते."
मग गप्प झाले.
तीन वर्षं आणलेली नाही.
घाटावर आता धरणाचं पाणी आहे.
विकतची येते वीटभट्टीवरून, गोणीत,
तिला नखयेळ नसते,
ती ओलीची सरळ तडकलेलीच होते.

परसात ओल्या पोत्यात
घाटमातीचा एक गोळा उरलाय,
बाबा तो कशालाच लावत नाहीत.
आज त्यातली मूठभर काढली, मळली,
लॅपटॉपशेजारी वाटीत ठेवली.
"याच्याकडं पाहून कर. चारलोक येळ हाये."

साडेतीनला लाइट गेली.
बॅटरी एकोणतीस टक्के.
लकाकी, सावली, कड, पुन्हा लकाकी.
बाबा वाटीवर नख दाबून पाहत होते,
मी स्क्रीनवर.
"आता," म्हणाले.

आधी माती सेव्ह केली, मग मूर्ती.
चौकटीनं नाव विचारलं.
घाटाचं नाव देवनागरीत तिला पेललं नाही,
इंग्रजीत टाकलं, ळ चा एल झाला.

"किती वजन भरलं?"
तीनशे केबी, म्हटलं.
त्यांनी वाटीतली माती
नखाखालच्या कणासकट
परत पोत्यात गुंडाळली.