तळाशी बसलेलं

जालन्यात नळाला पाणी येण्याचा वार नसतो,
तारीखही नसते.
नसीरचाचा म्हणतात, "येईल तेव्हा येईल, तू ड्रमात तुरटी फिरव."
मी फिरवते. सात वेळा, उजवीकडून.
सकाळपर्यंत गाळ खाली बसतो
आणि वर बादलीभर आरसा.

त्याच पाण्याचा एक थेंब, मग एक थेंब
सलाइनच्या नळीतून सोडलाय मी
लेथवर फिरणाऱ्या ओपलवर.

हा ओपल खाणीतला नाही.
कुठल्याशा देशात वाळूचे इवले इवले गोळे
पाण्यात सोडून देतात म्हणे,
महिनोन् महिने भांड्याला कुणी हात लावत नाही,
आणि ते बसत जातात, एकावर एक,
मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीसारखे.
थप्पी नीट लागली
की उजेड आत जातो आणि हिरवा होऊन येतो.
जरा कलता धरला, तांबडा.

अंबाजोगाईच्या कालिंदीबाई देवणीकर.
तेहतीस वर्षं ग्रंथालयात दाखल-रजिस्टर लिहिलं त्यांनी,
सुतळीनं टेबलाला बांधलेल्या बॉलपेननं.
निवृत्त झाल्या, एक पाटली मोडली
आणि मला फोन: "अंगठीत खडा असतो ना,
तसल्याचा अख्खा पेन होतो का?"
होतो, म्हटलं.
"नकलीच ना पण?"
"वाढेस्तोवर त्याला कुणीतरी पाण्यात सांभाळलंय, बाई."
फोनवर बराच वेळ काहीच नाही.
मग, "कधी येऊ?"

पहिला तुकडा भोक पाडताना गेला.
आवाज फार नसतो, हरभऱ्याचा घाटा फुटावा तेवढा.
चाचांनी पाठमोऱ्यानंच सांगितलं, "गेला."
ते पूर्वी रोलिंग मिलचे रोल कातायचे,
हाताचं चुकलेलं त्यांना कानानं कळतं.
त्या दिवशी डबा तसाच घरी नेला मी.
अर्धी पाटली ट्रेमध्ये पडली होती.

दुसऱ्याला आठ दिवस.
हिऱ्याचं टोक केसाएवढं आत,
थेंब,
थांबायचं,
बोट लावून बघायचं.
लेकराचं कपाळ तापल्यासारखं कळतं ते.
आत काळ्या एबोनाइटची नळी बसवली
तेव्हा रंग दचकून वर आले,
आणि चाचा, जे लग्नात जेवणालासुद्धा चांगलं म्हणत नाहीत,
चष्मा शोधायला लागले.

कालिंदीबाई एस्टीनं आल्या.
निब शाईत बुडवली, कागद पुढे ओढला
आणि आधी अनुक्रमांक लिहिला: १.
मग उभी रेघ, रकाना.
रकान्यापाशी हात थांबला.
"इथं पुस्तकाचं नाव येतं," म्हणाल्या,
हसल्या, पेन पिशवीत ठेवला.
कागद इथंच राहिला.

ट्रेमधलं मात्र मला फेकवेना.
चार-पाच चमचे पांढरा चिखल,
दोन्ही तुकडे कातून निघालेला.
बोटात चोळला, उन्हात धरला,
हिरवा नाही, तांबडा नाही,
रांगोळी नुसती.
दगड तोच. थप्पी तेवढी मोडलेली.

औषधाच्या बाटलीत भरून ठेवलाय,
वर तुरटीचं पाणी,
फळीवर, त्या कागदाशेजारी.
चाचा म्हणतात, येडी झालीस, असा बसत नसतो तो.
माहितीये.
पण झाडताना कुणी बाटलीला हात लावला
की मी ओरडते.